सुई, हुकूम आणि उतारवय

कयाधूच्या काठच्या हिंगोलीचा इतिहास सांगू लागले म्हणजे नरसीचे नामदेव, औंढ्याचा नागनाथ आणि निजामाच्या कंटिन्जंट फौजेची छावणी या तीन गोष्टींचा निर्देश आधी होतो, आणि तो व्हावा हे रास्तच आहे. परंतु १ मे १९९९ रोजी परभणीपासून अलग झालेल्या या जिल्ह्याच्या मुलखात, रोग दाराशी येण्याच्या आधीच घ्यावयाच्या औषधाशी माणसांनी, आणि त्यांतही घरातल्या वडीलधाऱ्यांनी, पिढ्यान् पिढ्या जो व्यवहार केला त्याचाही एक इतिहास आहे, आणि आज साठी-सत्तरी ओलांडलेल्यांपुढे नव्या लसी व नव्या गोळ्या येऊन उभ्या असताना तो आठवणे मला अगत्याचे वाटते. आजारी माणसाला औषध देणे निराळे, आणि धडधाकट माणसाला, उद्या कदाचित येईल अशा रोगासाठी, आज अंगात ताप भरवून घे असे सांगणे निराळे. पहिल्या प्रसंगी वेदनाच साक्ष देते. दुसऱ्या प्रसंगी सांगणाऱ्याच्या शब्दापलीकडे आधार नसतो, आणि म्हणून तो शब्द कोणी व कोणत्या सुरात उच्चारला याला या इतिहासात फार महत्त्व आहे.

प्रारंभ अर्थातच देवीच्या रोगापासून होतो. एडवर्ड जेन्नरने १७९६ साली इंग्लंडात सिद्ध केलेली लस बगदाद व बसऱ्याच्या वाटेने मुंबईस आली, १४ जून १८०२ रोजी ती ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीस टोचण्यात आली, आणि तेथून एका मुलाच्या दंडावरील फोडातून दुसऱ्याच्या दंडात असा प्रवास करीत ती हिंदुस्थानभर पसरली. इंग्रजी मुलखात १८८० च्या कायद्याने नगरपालिका व छावण्या यांत सक्तीची वाट मोकळी झाली. हिंगोलीचे स्थान मात्र मोठे विलक्षण होते: गाव निजामाचे, छावणीतील अधिकारी इंग्रज, आणि उत्तरेस पैनगंगा ओलांडली की १८५३ पासून इंग्रजी कारभाराखाली गेलेला वऱ्हाड. कंटिन्जंट १९०३ साली इंग्रजी सैन्यात विलीन झाली आणि छावणीचे दिवस संपले. पुढे लस टोचण्याचे काम संस्थानच्या वैद्यकीय खात्याकडेच राहिले, आणि मराठी बोलणाऱ्या रयतेस उर्दू दप्तराचा हुकूम तहसीलदार, पाटील व कुलकर्णी यांच्या तोंडून आणि दवंडीच्या थापेवर कळू लागला.

त्या काळी या प्रश्नाचा निर्णय घरातील म्हातारी माणसे करीत, आणि येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. देवीच्या रोगातून एकदा उठलेला माणूस पुन्हा सहसा त्या रोगात सापडत नसे; ज्या आजीच्या चेहऱ्यावर देवीचे वण होते तिला त्या रोगाचे भय उरलेले नसे, आणि म्हणूनच आजाऱ्याच्या उशाशी बसणे, कडुनिंबाचे डहाळे फिरवणे, घरात फोडणी होऊ न देणे, देवी उतरल्यावर नातवाला न्हाऊ घालून दर्शनास नेणे हा सारा अधिकार तिचा असे. देवी ही तिच्या दृष्टीने घरी आलेली पाहुणी होती. तिचा मान राखावयाचा, तिला अडवावयाचे नाही. देवी टोचणारा गावात आला की लेकुरवाळ्या सुना मागच्या दाराने शेताकडे जात, आणि ओसरीवर त्याला सामोरी जाई ती ही वृद्धा. सुई नातवाच्या दंडावर यावयाची होती. तिचा विचार मात्र आजीने करावयाचा होता.

या विचाराला अडाणीपणा म्हणण्याची सरकारी अहवालांची जुनी सवय आहे आणि ती मला अन्यायाची वाटते. दुसऱ्याच्या मुलाच्या अंगातील द्रव आपल्या मुलाच्या अंगात नको, या आक्षेपात जातीचा सोवळेपणा होता हे खरेच. पण त्याच आक्षेपात एक शारीरिक सत्यही दडलेले होते, कारण इटलीतील रिवाल्टा येथे १८६१ साली अशाच टोचणीतून अनेक बालकांना उपदंशाची बाधा झाली होती आणि खुद्द इंग्लंडने १८९८ साली ही पद्धत बंद केली. पुढे वासराच्या अंगावर वाढविलेली लस आली, तेव्हा गोवंशाला होणाऱ्या पीडेचा प्रश्न निघाला. या सगळ्या शंकांचे शांतपणे निरसन करण्याची उसंत टोचणाऱ्यापाशी नव्हती. त्याला वहीत आकडा भरावयाचा होता. त्याच्या बाजूनेही न्याय करावयास हवा: ती लस खरोखरच उपकारक होती, आणि तिला नाही म्हटलेल्या घरांतून मुले गेली, डोळे गेले. आजीची शंका रास्त होती, आणि तिच्या नकाराची किंमत नातवाने मोजली. ही दोन्ही सत्ये एकत्र धरल्यावाचून या इतिहासाचा उलगडा होत नाही.

मोठ्या वयाच्या माणसाच्या स्वतःच्या दंडाकडे सुई वळली ती पटकीमुळे. वाल्डेमार हाफकिनने १८९३-९४ मध्ये हिंदुस्थानात पटकीची लस वापरून दाखविली, आणि विसाव्या शतकात ती लस यात्रांच्या मार्गावर येऊन उभी राहिली. ज्या मुलखात नामदेवांचे जन्मगाव, त्या मुलखातून पंढरीस पायी जाणाऱ्यांत उतारवयाच्या माणसांचाच भरणा अधिक असावा हे स्वाभाविक होते. मुलांची लग्ने झाली, शेत थोरल्याच्या हाती आले, की वारी धरावयाची हा आयुष्याचा क्रमच होता. त्या वारकऱ्यांकडे पटकीची सुई घेतल्याचा दाखला मागण्याचा शिरस्ता पडला. अनेकांनी दंड पुढे केला तो दाखल्यासाठी, आणि त्यात मला काही गैर दिसत नाही. विठ्ठलाच्या भेटीसाठी जो इतक्या दूर पायी चालतो त्याला एक सुई अवघड नव्हती. पण त्या सुईने अंग तापे, दंड सुजे, चालणे जड होई, आणि तिचा गुण अर्धवट असून तोही काही महिनेच टिके. ‘सुई घेऊनही माणसं गेली’ असे जे वृद्ध वारकरी म्हणत ते खोटे बोलत नव्हते. पटकीचे खरे निवारण शुद्ध पाण्याने होते, हे पुढे सर्वमान्य झाले, आणि १९७३ साली जागतिक आरोग्य परिषदेने आंतरराष्ट्रीय प्रवासासाठीची पटकीच्या दाखल्याची अट काढून टाकली. ज्या दाखल्यासाठी वाटेवर म्हाताऱ्यांना अडविले गेले, त्याचे मोल अखेर जगाने कमी लेखले. परंतु ही वार्ता त्या म्हाताऱ्यांना कोणी परत येऊन सांगितली नाही.

प्लेगची कथा थोडक्यात सांगतो, कारण ती मुंबई-पुण्याच्या इतिहासात पुष्कळ लिहिली गेली आहे. १८९६ च्या सप्टेंबरात डॉ. अकाशियो व्हिएगस यांनी मांडवी भागात रोग ओळखला, आणि हाफकिनने भायखळ्याच्या कैद्यांना टोचण्यापूर्वी, १० जानेवारी १८९७ रोजी, आपली लस स्वतःच्या अंगावर घेतली. हुकमाने जे साधत नाही ते अशा कृतीने साधते. पण १९०२ साली पंजाबातील मुल्कोवाल येथे एका बाटलीतील लसीने १९ माणसे धनुर्वाताने दगावली, आणि हाफकिन पुढे निर्दोष ठरला तरी सुईचे भय गावोगाव पोचावयाचे ते पोचलेच. निजामाच्या मुलखात उंदीर पडू लागले की गाव उठे आणि शेतात खोपटी घालून राही. हा उपाय थोरांच्या अनुभवातून आलेला होता आणि तो निष्फळ नव्हता.

सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान गेले, १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि दवाखान्याची भाषा मराठी झाली. १९६२ मध्ये देवी निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. शेवटच्या वर्षांत रोग्याची खबर देणाऱ्यास हजार रुपयांपर्यंत इनाम होते, मे १९७५ मध्ये देशातील अखेरचा रोगी आढळला आणि ८ मे १९८० रोजी जग देवीमुक्त जाहीर झाले. हे मानवजातीच्या थोर कृत्यांपैकी एक आहे असे मी निःशंकपणे मानतो. पण त्याच सुमारास आणीबाणी आली, कुटुंबनियोजनाच्या सक्तीचे विधेयक १९७६ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळात संमत झाले, आणि राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यामुळे ते कायदा झाले नाही तरी आरोग्यखात्याची गाडी दिसली की तरण्या माणसांनी ज्वारीत लपावे असे दिवस गावांनी पाहिले. शिवाय कुत्रे चावल्यावर पोटात घ्यावयाच्या चौदा इंजेक्शनांची दहशत होतीच. मेंढीच्या मेंदूपासून केलेली ती जुनी लस आपल्या देशात २००४ अखेर बंद झाली. ज्यांच्या दंडावर देवीच्या टोचणीचे गोल वण आहेत आणि मनात या आठवणी आहेत, तीच पिढी आज जिल्ह्यातील वृद्ध म्हणून गणली जाते.

तिच्यासमोर २०२१ साली कोरोनाची लस आली. आदल्या वर्षी मालेगाव व मुंबई येथील बंदोबस्तावरून परतलेल्या राज्य राखीव दलाच्या जवानांत हा रोग आढळल्यामुळे हिंगोलीचे नाव वर्तमानपत्रांत आले होते. १ मार्च २०२१ पासून साठीच्या वरच्यांना लस खुली झाली. देशाच्या इतिहासात इतक्या मोठ्या प्रमाणावर सर्वसामान्य लोकांत सुईचा पहिला मान वृद्धांना मिळण्याचा हा बहुधा पहिलाच प्रसंग होता. ‘आम्ही पिकली पानं, आधी पोरांना द्या,’ असे म्हणणारे थोडे नव्हते, आणि त्यात नुसती भीती पाहणाऱ्यांनी त्यातील वात्सल्य पाहिले नाही. त्याच वर्षीच्या मे महिन्यात कळमनुरीचे सुपुत्र, राज्यसभेचे सदस्य राजीव सातव, कोरोनानंतरच्या गुंतागुंतीने अवघ्या ४६ व्या वर्षी पुण्यात निवर्तले, तेव्हा वृद्धांचा तो युक्तिवाद अधिकच हळवा झाला असल्यास नवल नाही. कोविशिल्डच्या दोन मात्रांतील अंतर आधी चार-सहा, मग सहा-आठ, आणि मेच्या मध्यात बारा-सोळा आठवडे झाले. या बदलामागे अभ्यासही होता आणि टंचाईही होती, असे लोकांचे मत झाले, आणि स्पष्टीकरण मात्र गावापर्यंत पोचले नाही. पोचली ती घरोघर फिरणारी आशाताई. ती गावातलीच सून, तिच्या सासूने आधी दंड पुढे केलेला, तिच्या मोबाइलवर नाव नोंदलेले. माझ्या मते ज्या गावांत लस रुजली तेथे या ओळखीने जे केले ते भोंग्याच्या गाडीने केले नाही.

आता प्रश्न अधिक सूक्ष्म झाला आहे, कारण सरकारी सक्ती मागे सरली असून निवड माणसाच्या पदरात पडली आहे. नागिणीचेच पाहा. लहानपणीच्या कांजिण्यांचे विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी दडून राहतात आणि उतारवयात शक्ती ओसरली की एका बाजूच्या तंतूवर फोडांची रांग उठते. नागिणीचे तोंड आणि शेपूट मिळाले की माणूस जातो ही समजूत आणि गेरूने तिच्याभोवती रेघ ओढण्याचा उपाय आजही जिवंत आहे. रोग अर्ध्या अंगावरच थांबतो म्हणून ती समजूत कसोटीस लागत नाही. खरी पीडा मागाहून महिनोन् महिने राहणारा दाह ही असते. २०२३ पासून आपल्याकडे तिची नवी लस मिळू लागली. दोन मात्रा, पन्नाशीच्या पुढच्यांसाठी, आणि मोठ्या चाचण्यांत सत्तरीच्या पुढेही नव्वद टक्क्यांच्या आसपास गुण. पण ती खाजगीत पदरचे भारी पैसे मोजून घ्यावी लागते, आणि हळदीच्या भावावर वर्ष काढणाऱ्या वसमतच्या शेतकऱ्याने ते पैसे येथे घालावेत की बायकोच्या मोतीबिंदूकडे, हा हिशेब त्याचा आहे. तो करण्यापुरती माहिती देणे एवढेच वैद्याचे कर्तव्य. हजला निघणाऱ्यांना मेंदूज्वराची आणि त्यांतील पासष्टीपुढच्यांना शीतज्वराची (फ्लूची) लस घ्यावी लागते, तेथे पंढरीच्या दाखल्याचीच परंपरा चालू आहे. फरक इतका की ही लस काय करते आणि काय करीत नाही हे आता विचारता येते.

गोळ्यांचेही तसेच. रक्त पातळ करणारी ॲस्पिरिनची बारीक गोळी घ्यावी असे वर्षानुवर्षे सांगणारे वैद्यक, ऑस्ट्रेलिया व अमेरिकेतील सुमारे १९ हजार वृद्धांच्या २०१८ मधील अभ्यासानंतर, हृदयविकार न झालेल्या सत्तरीपुढच्या माणसास ती नव्याने सुरू करू नये असे म्हणू लागले, कारण लाभ दिसला नाही आणि रक्तस्राव वाढला. ज्यांना एकदा झटका येऊन गेला आहे त्यांनी मात्र ती आपल्या मनाने सोडणे घातक आहे.

आणि क्षयाची बीसीजी. १९४८ पासून ती आपल्या देशात आहे. चेंगलपट्टू येथे १९६८ साली सुरू झालेल्या प्रचंड चाचणीत तिने फुप्फुसाच्या क्षयापासून प्रौढांचे रक्षण केल्याचे आढळले नाही, आणि ती बालकांपुरती उरली. तीच लस २०२४ मध्ये अभ्यासाच्या रूपाने काही राज्यांत, महाराष्ट्र त्यांपैकी एक, साठीच्या पुढच्यांना, मधुमेह्यांना आणि क्षयरोग्याच्या घरातल्यांना देण्यात येऊ लागली. तिचा गुण येईल की नाही हेच पाहावयाचे असल्यामुळे दंड पुढे करणारा वृद्ध येथे लाभार्थी असण्याच्या आधी त्या शोधकार्याचा भागीदार आहे, आणि ही गोष्ट त्याला त्याच्या भाषेत, संमतीच्या कागदावर अंगठा घेण्यापूर्वी, सांगितली गेली पाहिजे. त्या पाहणीचा निष्कर्ष हाती आल्यावर, तो अनुकूल असो वा प्रतिकूल, त्याच्या ओसरीवर जाऊन पुन्हा सांगितला गेला पाहिजे.