रेकॉर्डिंग आपलं, किल्ली कंपनीची

2007 च्या सुमारास अमेरिकेत ज्याच्या घरी एचडी टीव्ही आला, त्याला लगेच पुढचा प्रश्न पडे: केबलवरचा कार्यक्रम याच दर्जात रेकॉर्ड कशावर करायचा? केबल कंपनीचा डीव्हीआर (हार्ड डिस्कवर रेकॉर्ड करणारं यंत्र) महिन्याच्या भाड्याने मिळे, टिवो कंपनीचा विकत घेता येई आणि हौशी मंडळी कॉम्प्युटरच जोडत. दुकानात चर्चा चाले ती हार्ड डिस्क केवढी आणि एका वेळी किती चॅनेल रेकॉर्ड होतात याची. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळाच असायला हवा होता: झालेल्या रेकॉर्डिंगवर ताबा कुणाचा?

या ताब्याचं भांडण जुनं आहे. सोनीचा बीटामॅक्स हा व्हिडिओ रेकॉर्डर 1975 मध्ये बाजारात आला आणि पुढच्याच वर्षी युनिव्हर्सल आणि डिस्ने या चित्रपट कंपन्या कोर्टात गेल्या. 17 जानेवारी 1984 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सोनीच्या बाजूने निकाल दिला. कार्यक्रम नंतर सवडीने बघण्यासाठी घरी रेकॉर्ड करणं हा कॉपीराइटचा भंग नाही, हे त्या दिवशी पक्कं झालं. लहान मुलांचे लाडके टीव्ही सादरकर्ते फ्रेड रॉजर्स यांनी याच बाजूने साक्ष दिली होती आणि निकालपत्रात तिचा उल्लेख आहे. एका मताच्या फरकाने मिळालेला हा हक्क मला फार मोलाचा वाटतो.

पण हक्क मिळाला तो ॲनालॉगच्या काळात. तेव्हा कुठल्याही दुकानातून आणलेला व्हीसीआर केबलला जोडला की बहुतेक चॅनेल टेपवर उतरत. केबल डिजिटल झाली, सिग्नलला कुलूप लागलं आणि किल्ली कंपनीच्या सेट-टॉप बॉक्समध्ये गेली. 1999 मध्ये आलेल्या टिवोने टेपच्या जागी हार्ड डिस्क आणली खरी, पण एचडी केबलचं कुलूप त्याला उघडता येईना.

त्यावर उपाय म्हणून केबलकार्ड आलं. बाहेरची यंत्रंही केबलला जोडता यावीत, असं 1996 च्या दूरसंचार कायद्यात म्हटलं होतं. क्रेडिट कार्डाच्या आकाराचं, पण चांगलं जाड असं हे कार्ड कंपनीकडून भाड्याने घेऊन यंत्रात सरकवायचं. मग तंत्रज्ञ टीव्हीच्या पडद्यावर दिसणारे लांबलचक आकडे फोनवरून ऑफिसला वाचून दाखवी. एखादा अंक चुकला की चॅनेल बंदच! 2006 च्या टिवो सिरीज थ्रीची किंमत 800 डॉलर होती. 2007 मध्ये 300 डॉलरचा टिवो एचडी आला, तेव्हा कुठे ही वस्तू सामान्य घराच्या आवाक्यात आली.

तरी कुलूप पुरतं निघालं नव्हतंच. प्रत्येक चॅनेलसोबत एक खूण येई: हवी तेवढी कॉपी करा, एकदाच करा किंवा अजिबात करू नका. ‘एकदाच’ची खूण असली की कार्यक्रम त्या यंत्रात अडकला, यंत्र बिघडलं की रेकॉर्डिंगही गेलं.

म्हणूनच 2008 मध्ये आलेली हॉपॉग कंपनीची एचडी पीव्हीआर ही छोटी पेटी मला या सगळ्यांत सरस वाटते. सेट-टॉप बॉक्समागच्या लाल, हिरव्या, निळ्या कॉम्पोनंट तारांतून बाहेर पडणारं चित्र ॲनालॉग असे, त्याला ते कुलूप नसे. पेटी ते नव्याने डिजिटल करून कॉम्प्युटरवर साठवी. दर्जा किंचित घटे आणि चॅनेल बदलायला बॉक्ससमोर इन्फ्रारेडची तार चिकटवावी लागे. हा खटाटोप होताच, पण हातात येई ती साधी फाईल.

केबलकार्ड पुरवण्याची सक्ती अमेरिकी नियामकाने 2020 मध्ये काढून टाकली. टिवोने 2025 मध्ये डीव्हीआर विकणंच थांबवलं. हॉपॉगच्या पेटीतून निघालेल्या फाईली मात्र आजच्या कॉम्प्युटरवरही सरळ चालतात.