दळण राहिले, जाते गेले

जव्हारचे मुकणे संस्थान १९४८ साली विलीन झाले आणि जव्हार-मोखाड्याचा मुलूख ठाणे जिल्ह्यात राहिला; पुढे १ ऑगस्ट २०१४ रोजी तो नव्या पालघर जिल्ह्यात गेला. राजवटीच्या बदलाला अशी तारीख असते. या डोंगरातल्या घरांतून जाते कधी गेले, याला मात्र एक तारीख देता येत नाही; वस्तू हळूहळू कालबाह्य होते.

नागली दळायला जाते आणि भात-वरई सडायला उखळ-मुसळ, हा इथल्या बाईचा रोजचा व्यवहार होता. बाजाराच्या गावी इंजिनावरची गिरणी आली, मागाहून विजेची आली, आणि पीठ दळण्याचे काम जात्याकडून गेले. डाळ भरडण्यापुरते ते उरले. मग तेही नाही.

पण सारे श्रेय यंत्राला देऊ नये, असे आम्हांला वाटते. दिवाळीनंतर इथली कितीतरी कुटुंबे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर कामाला जातात. डोक्यावरच्या बिऱ्हाडात दगडी जाते मावत नाही. जाते हे एका जागी राहणाऱ्या घराचे साधन आहे; घरच हलते झाले, तेव्हा त्याचा आधार सुटला.

भाषेने हा बदल आपल्या परीने पचवला. ‘दळण’ हा शब्द जात्यावरून उठून गिरणीत गेला आणि टिकला. ‘वैरण’ शब्दाला तसे जमले नाही. जात्याच्या तोंडात घालायची धान्याची मूठ, हा त्याचा अर्थ विझत चालला असून वर्गात आता चाराच तेवढा समजतो. जात्यातले रडतात आणि सुपातले हसतात, ही म्हण आपण वापरतो खरी. पण सुपातून जात्यात जाणारा दाणा डोळ्यांपुढे येत नाही.

हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी जात्यावरच्या ओव्या जमवायला घेतल्या, तेव्हा जाते अजून पुरते थांबले नव्हते. पुणे जिल्ह्यातील डोंगराळ गावांत रुजलेल्या त्या कामातून एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह उभा राहिला. साहित्याचा वाचक त्याचे मोल जाणतो, आणि ओवी थांबली म्हणून हळहळतो.

ही हळहळ खरी आहे. पण ती एकट्या वाचकाची आहे, हेही लिहिले पाहिजे. दळणाऱ्या बाईला गिरणीने पहाटेची झोप दिली, खांद्याचे दुखणे कमी केले. त्याबदली तिच्याकडून रोख पैसे आणि डोक्यावर ओझे घेऊन केलेली पायपीट घेतली. जात्यावर बसताना दळणावळीचे पैसे मोजावे लागत नव्हते. नफा-तोट्याचा हा हिशेब तिच्या बाजूने मांडला, तरच तो इतिहास होईल. एरवी आपण केवळ ओवीसाठी जात्याची आठवण काढत राहू.

वारली चित्रांतल्या बाया आजही सडताना आणि दळताना दिसतात. तांदळाच्या पिठाने भिंतीवर रेखलेले ते काम शहरातल्या घरांत शोभेला लागले आहे. विद्यार्थ्यांना ते चित्र दाखवताना एवढे विचारावे, की ते पीठ कुणी दळले होते.