नाझिल झालेली किताब आणि ‘प्रेरित’ किताब

आपल्या मुलांना लहानपणीच चार आसमानी किताबांची नावे पाठ होतात. तौरात हजरत मूसांवर, जबूर हजरत दाऊदांवर, इंजील हजरत ईसांवर आणि कुरआन हजरत मुहंमद (स.) यांच्यावर नाझिल झाले, हा दीनियातचा पहिला धडा. पण ज्यांच्या घरात इंजील रोज वाचली जाते, ते ख्रिस्ती लोक तिला ईश्वरी का मानतात, हा प्रश्न आपल्याकडे सहसा विचारला जात नाही. विचारलाच तर उत्तर तयार असते : त्यांची किताब मूळ राहिली नाही, बदलली. एवढे बोलले की विषय संपतो. आम्ही उर्दू शाळेत शिकवतो, तेथेही मुलांच्या तोंडून हेच ऐकतो. कोट्यवधी माणसांच्या श्रद्धेविषयीचा प्रश्न एका वाक्यात मिटवणे आम्हाला पटत नाही. म्हणून हा विषय इतिहासाच्या अंगाने मांडत आहोत.

त्यासाठी रोम किंवा जेरुसलेमला जायला नको. आमचे पळसदेव इंदापूर तालुक्यात, उजनीच्या पाण्याकाठी, पुणे-सोलापूर रस्त्यावर आहे. याच रस्त्याने पुण्याकडे निघाले की दौंड तालुक्यात चौफुला लागतो आणि तेथून जवळच केडगाव. केडगावला पंडिता रमाबाईंचे मुक्ति मिशन आहे. १८९६-९७ आणि १९०० च्या दुष्काळांत निराधार झालेल्या शेकडो मुली-बायकांना रमाबाईंनी येथे आश्रय दिला. याच केडगावात त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून संपूर्ण बायबलचा मराठी तर्जुमा केला. आश्रमातल्या मुलींनी त्याचे खिळे जुळवले, तेथल्याच छापखान्यात तो छापला. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या आणि १९२४ मध्ये त्यांचे बायबल प्रसिद्ध झाले. आयुष्याची शेवटची सुमारे अठरा वर्षे त्यांनी या कामाला दिली.

रमाबाई जन्माने ख्रिस्ती नव्हत्या. १८५८ मध्ये अनंतशास्त्री डोंगरे यांच्या घरी त्यांचा जन्म झाला. वडिलांनी लोकांचा विरोध पत्करून पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवले. हे कुटुंब गावोगाव पुराण सांगत फिरत असे. भागवताचे हजारो श्लोक रमाबाईंना मुखोद्गत होते. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. धर्मग्रंथ म्हणजे काय, हे त्यांना दुसऱ्याने सांगावे लागत नव्हते. म्हणूनच अशा बाईने बायबल ईश्वरी का मानले, याला महत्त्व आहे.

त्यांनी १९०७ मध्ये आपली साक्ष लिहिली. तीत दिसते की शास्त्रे वाचताना त्यांना सर्वांत जास्त टोचले ते स्त्रियांचे आणि शूद्रांचे स्थान. ज्या ज्ञानाने मोक्ष मिळतो, त्या ज्ञानाचा अधिकारच या दोघांना नव्हता. पुढे सिल्चरला असताना लूकच्या शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत त्यांच्या हाती आली. १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्यावर, समाजाने टाकलेल्या स्त्रियांना उभे करणारे ख्रिस्ती भगिनींचे काम त्यांनी पाहिले. असे काम का करता, असे विचारले तेव्हा त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवण्यात आली. हजरत ईसा त्या स्त्रीशी विहिरीवर बोलतात, ती कथा. त्याच वर्षी, २९ सप्टेंबरला, वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. मात्र बाप्तिस्म्यानंतरही त्या गप्प बसल्या नाहीत. त्रैक्य आणि चर्चचा अधिकार यांविषयी सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा पत्रांतून कडक वाद झाला. धर्मगुरू काय म्हणतात यापेक्षा ग्रंथ काय म्हणतो ते आपण स्वतः वाचून ठरवू, ही त्यांची भूमिका होती.

आता मूळ मुद्दा. आपण ‘वही’ म्हणतो तेव्हा आपल्या मनात एक स्पष्ट चित्र असते. शब्द अल्लाहचे, आणणारे जिब्रील, पोहोचवणारे पैगंबर. पैगंबरांचा स्वतःचा त्यात एक शब्दही नाही. ख्रिस्ती लोक बायबलविषयी सर्वसाधारणपणे असा दावा करत नाहीत. त्यांचा शब्द आहे ‘ईश्वरप्रेरित’. लिहिणारे मत्तय, मार्क, लूक, योहान, पौल ही माणसे. भाषा त्यांची, शैली त्यांची, आठवणी त्यांच्या. पण देवाच्या आत्म्याने त्यांना लिहायला लावले आणि सांभाळले, अशी श्रद्धा आहे. लूक तर आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभीच सांगतो की प्रत्यक्ष पाहणाऱ्यांकडून आलेली माहिती नीट तपासून आपण लिहीत आहोत. आपल्या परिभाषेत जवळचे उदाहरण शोधायचे तर हदीसे कुदसीचे देता येईल : मतलब अल्लाहकडून, शब्द रसूलुल्लाहचे. ही तुलना पूर्ण जुळत नाही, कारण शुभवर्तमान लिहिणाऱ्यांना ख्रिस्ती लोक पैगंबर म्हणत नाहीत. पण दिशा कळायला ती पुरे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. ख्रिस्ती श्रद्धेत देवाचा ‘शब्द’ मुळात पुस्तक नाही, तो येशू स्वतः आहे. कुरआनमध्येही हजरत ईसांना अल्लाहचा ‘कलिमा’ म्हटले आहे, अर्थात आपल्याकडे त्याचा अर्थ वेगळा घेतला जातो. म्हणजे इस्लाममध्ये कुरआनचे जे स्थान, ते ख्रिस्ती धर्मात बायबलचे नसून येशूचे आहे. बायबल ही त्या शब्दाची साक्ष. हे ध्यानात न घेता कुरआनला बायबलशेजारी ठेवून मोजले की मोजमापच चुकते.

मग ही साक्ष ईश्वरप्रेरित असल्याची त्यांची कारणे कोणती? पहिले, ग्रंथाचा स्वतःचा दावा. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात आणि पेत्राच्या दुसऱ्या पत्रात शास्त्रलेख देवाच्या प्रेरणेने झाले असा आशय आहे. तेव्हा नवा करार अजून एकत्र झालेला नव्हता, त्यामुळे ‘शास्त्र’ म्हणजे मुख्यतः यहुद्यांचे ग्रंथ. ग्रंथाने स्वतःविषयी दिलेली ग्वाही एकटी पुरेशी नाही, हे ख्रिस्ती विद्वानही जाणतात. दुसरे, येशूंनी स्वतः तौरात आणि जबूर देवाचे वचन म्हणून वापरले. गुरूने जे मानले ते शिष्यांनी मानले. तिसरे, जुन्या नबींची भाकिते, विशेषतः यशयाच्या ५३ व्या अध्यायातला दुःख सोसणारा सेवक, येशूंच्या ठायी पूर्ण झाली असे ते मानतात. यहुदी विद्वान त्या अध्यायाचा अर्थ वेगळा लावतात.

चौथे कारण जमातीच्या साक्षीचे. कोणती पुस्तके नव्या करारात घ्यायची हे एका दिवसात ठरले नाही. प्रेषितांशी नाते, योग्य शिकवण आणि ठिकठिकाणच्या मंडळ्यांत होणारे वाचन, या कसोट्यांवर ती निवडली गेली. आजच्या २७ पुस्तकांची नेमकी यादी ३६७ मध्ये अलेक्झांड्रियाच्या अथनासियसच्या पत्रात मिळते. आपल्या मुहद्दिसांनी रावी आणि सनद तपासली, त्या धडपडीची येथे आठवण होते. पाचवे कारण अंतःकरणाच्या साक्षीचे. सोळाव्या शतकात कॅल्व्हिनने मांडले की ग्रंथ देवाचा आहे याची अंतिम खात्री युक्तिवादाने पटत नाही, वाचणाऱ्याच्या मनात देवाचा आत्माच ती पटवतो. रमाबाईंची वाट या पाचव्या कारणातून जाते. विहिरीवरच्या त्या स्त्रीशी बोलणारा आवाज आपल्याशीही बोलतो आहे, असे त्यांना वाटले. शिवाय त्या शिकवणीची फळे त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती.

आपल्या बाजूचा इतिहासही पाहू. एप्रिल १८५४ मध्ये आग्र्याला मौलाना रहमतुल्लाह कैरानवी आणि पाद्री फांडर यांचा मुनाझरा झाला. डॉ. वजीर खान यांनी युरोपीय विद्वानांचेच ग्रंथ पुढे ठेवले आणि हस्तलिखितांत पाठभेद आहेत हे फांडरला कबूल करावे लागले. मुसलमानांनी तो विजय मानला. पण खुद्द फांडरने ‘मीजानुल हक’ लिहून कुरआनला आपल्या मापाने मोजले होते, तसे आपणही बायबलला आपल्या मापाने मोजले. पुढे १८६२ मध्ये सर सय्यद अहमद खान यांनी ‘तबईनुल कलाम’ ही बायबलची टीका लिहिली. तहरीफ मुख्यतः अर्थाची झाली, मूळ मजकूर जाणूनबुजून बदलला गेला असे नाही, असे त्यांचे मत. एका मुसलमान विद्वानाने आदराने लिहिलेली ही बायबल-टीका आज आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत आहे.

१९४७ पासून मृत समुद्राकाठी कुमरानच्या गुहांत जुनी हस्तलिखिते सापडली. त्यांतली यशयाची गुंडाळी त्याआधी माहीत असलेल्या हिब्रू प्रतींपेक्षा सुमारे हजार वर्षे जुनी. ताडून पाहिले तर मजकूर बहुतांशी जुळला, आणि अनेक लहानमोठे फरकही निघाले. ज्यांना ‘सगळे बदलले’ म्हणायचे आहे आणि ज्यांना ‘काहीच बदलले नाही’ म्हणायचे आहे, त्या दोघांनाही हा पुरावा थांबवतो. ख्रिस्ती लोकांतही एकमत नाही. काही पंथ मूळ लेखनात चूक असूच शकत नाही असे म्हणतात. कॅथलिक चर्चने १९६५ च्या आपल्या जाहीरनाम्यात भर दिला तो तारणासाठी आवश्यक असलेल्या सत्यावर.

‘प्रेरित’ या कल्पनेचा एक परिणाम आपल्या मराठीने अनुभवला आहे. शब्द माणसांचे आणि संदेश देवाचा, असे मानले की तर्जुमाही देवाचे वचनच ठरतो. आपल्याकडे कुरआनचा तर्जुमा हा कुरआन नव्हे, अर्थ आहे. म्हणून विल्यम कॅरीने श्रीरामपूरला वैजनाथ पंडितांच्या मदतीने १८०५ मध्ये मत्तयचे शुभवर्तमान आणि १८११ मध्ये नवा करार मराठीत छापला. मराठी छपाईच्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांत त्यांची गणना होते. आणि म्हणूनच आधीची भाषांतरे असतानाही रमाबाईंना पुन्हा तर्जुमा करावासा वाटला. जुन्या भाषांतरांतली जड संस्कृत भाषा आणि इतर धर्मकल्पना चिकटलेले शब्द त्यांना नको होते. खेड्यातल्या, नुकतीच अक्षरे शिकलेल्या बाईला कळेल असे बायबल त्यांना हवे होते. संस्कृतच्या पंडितेने संस्कृत शब्द गाळत बसावे, याचे कारण त्यांच्या श्रद्धेतच आहे. देव त्या बाईशी बोलू इच्छितो, तर मध्ये अवघड शब्दाची भिंत कशाला?

ही गोष्ट आपल्यालाही विचार करायला लावते. आपल्या गावांतल्या कितीतरी आया-बहिणी रोज फजरनंतर तिलावत करतात, पण अर्थ त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. घरात बोलणे मराठी किंवा दखनी, मदरशाची भाषा उर्दू, किताबीची अरबी. अरबी मजकुराचे पावित्र्य आम्ही मानतो आणि ते तसेच राहावे. पण अर्थ सोप्या मराठीत घरोघर न्यायला ते पावित्र्य आड येत नाही. केडगावच्या छापखान्यात दुष्काळातून वाचलेल्या मुली आपल्या धर्माच्या किताबीचे खिळे जुळवत होत्या. आपल्या मुलींच्या हाती आपण अर्थासकट किताब किती वेळा दिली, हे ज्याने त्याने पाहावे.

आपले ईमान आपल्याजवळ आहे, ते सोडण्याचा येथे प्रश्नच नाही. तौरात आणि इंजीलवर ईमान हा तर आपल्या अकीद्याचाच भाग, आणि अहले किताबशी बोलायचे तर उत्तम रीतीने, ही कुरआनची शिकवण. उत्तम रीत म्हणजे, त्यांचे म्हणणे आपण असे सांगावे की शेजारी बसलेल्या ख्रिस्ती माणसाने मान हलवून म्हणावे, होय, आम्ही असेच मानतो. त्यानंतर मतभेद सांगावा. वर्गातल्या मुलाने पुन्हा विचारले, तर ‘बदलली’ या एका शब्दाऐवजी त्याला नाझिल आणि प्रेरित यांतला फरक सांगता येईल. तास तेवढ्याच वेळात संपेल, पण मुलगा घरी जाताना थोडे अधिक खरे घेऊन जाईल.