बंदुकीचा परवाना, बाबासाहेब आणि आपण विसरलेला नियम ३



तेलंगणाच्या सीमेजवळच्या एका गावात नुकतीच बैठक झाली. जयंतीच्या मिरवणुकीवरून तिथे वाद पेटला होता आणि आपल्या वस्तीला उघड धमक्या मिळत होत्या. बैठक संपल्यावर एक तरुण मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, पलीकडच्या राज्यातून पिस्तूल विकत घेतलं तं चालते का? तिकडं नियम सोपे हायेत म्हणते." मी विचारलं, कशाला पाहिजे? तो म्हणाला, "समोरच्याकडं परवान्याची बंदूक हाय. आपल्याकडं काय हाय?"

त्याच्या पहिल्या प्रश्नाला कायद्यात उत्तर आहे. दुसऱ्यासाठी इतिहासात जावं लागतं.

आधी कायदा. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत शस्त्रं आणि दारूगोळा हा विषय केंद्राच्या सूचीत आहे. म्हणजे शस्त्र अधिनियम, १९५९ हा चंद्रपूर, आदिलाबाद, बस्तर सगळीकडे एकच. नदी ओलांडल्याने कायदा सैल होत नाही. परवाना आपण राहतो तिथल्या अधिकाऱ्याकडून घ्यावा लागतो. तो कोणत्या हत्यारासाठी आहे आणि किती प्रदेशापुरता आहे, हे त्यावरच लिहिलेलं असतं. परवाना असेल तर हत्यार अधिकृत विक्रेत्याकडून घेऊन त्याची नोंद परवान्यावर करावी लागते, आणि परवान्यातल्या प्रदेशाबाहेर ते न्यायचं तर आधी परवानगी लागते. परवाना नसेल तर कोणत्याही राज्यातली खरेदी गुन्हाच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना साधं पिस्तूल बाळगलं तरी किमान दोन आणि कमाल पाच वर्षांची शिक्षा आहे. कट्टा विकणारा पैसे घेऊन निघून जातो. तुरुंगात आपलं पोरगं जातं आणि ज्याने धमकी दिली तो गावात मोकळा फिरतो.

आता इतिहास. या देशात शस्त्राचा प्रश्न कायमच जातीचा आणि सत्तेचा प्रश्न राहिला आहे. चातुर्वर्ण्याने शूद्रातिशूद्रांना विद्या नाकारली, संपत्ती नाकारली आणि शस्त्रही नाकारलं. भारतात सामाजिक क्रांती का झाली नाही, याचं एक कारण बाबासाहेबांनी 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये इथेच शोधलं आहे. महाराने गावाची राखण करायची, पण हातात फक्त काठी.

इंग्रजांनी हीच रीत आपल्या सोयीने वापरली. १८५८ मध्ये आपल्याच भागात वीर बाबुराव शेडमाके यांनी गोंड तरुणांना घेऊन कंपनी सरकारविरुद्ध उठाव केला. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी त्यांना चांद्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. अशा उठावांची धास्ती घेतलेल्या सरकारने पुढे लोकांना निःशस्त्र केलं. १८७८ च्या कायद्याने परवान्याशिवाय शस्त्र बाळगणं गुन्हा ठरवलं, पण युरोपियनांना आणि वरच्या थरातल्या ठरावीक लोकांना नियमांतून सूट ठेवली. परवान्याची व्यवस्था जन्मली तीच माणसाचा दर्जा पाहत.

त्याच काळात महारांना लष्करातूनही बाहेर काढलं गेलं. १ जानेवारी १८१८ ला भीमा कोरेगावला लढलेल्या समाजाची भरती १८९० च्या दशकात बंद पडली, कारण साहेबाने काही जातींना 'लढाऊ' ठरवलं आणि काहींना नाही. गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला, १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी निवेदन दिलं. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ मध्ये महार पलटण उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली. शेवटी बाबासाहेबांच्या पाठपुराव्यानंतर १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली.

आता यानंतरचं पान नीट वाचा. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत ह. वि. कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा मूलभूत हक्क द्यावा अशी दुरुस्ती मांडली. कामत मध्य प्रांत व वऱ्हाडचे, म्हणजे तेव्हा आपलं चांदा ज्या प्रांतात होतं त्याच प्रांताचे प्रतिनिधी. काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावातही हा हक्क होता. बाबासाहेबांनी मात्र विरोध केला. प्रत्येकाला बाजारात जाऊन वाटेल ते हत्यार घेण्याचा हक्क दिला तर राज्यकारभारच चालणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. देशावर संकट आलं तर शस्त्र उचलण्याचं कर्तव्य त्यांना हक्कापेक्षा महत्त्वाचं वाटत होतं. दुरुस्ती फेटाळली गेली. आज अनुच्छेद १९ आपल्याला सभा घेण्याचा हक्क देतो तो शांततेने आणि विनाशस्त्र.

शस्त्र नाकारल्याची किंमत ज्यांना सर्वात जास्त माहीत होती, त्यांनीच हा हक्क का नाकारला? माझं उत्तर असं आहे. खुल्या बाजारात हत्यार कोणाला मिळतं? ज्याच्याकडे जमीन आहे, पैसा आहे, पोलीस ठाण्यात ओळख आहे त्याला. आपण एक घेऊ तेव्हा ते दहा घेतील. बाबासाहेबांनी पलटण मागितली, कारण तिथे शस्त्राला शिस्त आणि कायद्याचा आधार असतो. खाजगी बंदुकीला तसा आधार नसतो.

पण मग बाबासाहेबांच्या मार्गाने जाणाऱ्याने मार खात बसायचं का? अजिबात नाही. अॅट्रॉसिटी कायद्याखालचे १९९५ चे नियम उघडा आणि नियम ३ वाचा. अत्याचार रोखण्यासाठी राज्य सरकारने काय करायचं ते तिथे लिहिलं आहे. धोक्याची गावं शोधायची. गरज वाटल्यास तिथल्या अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या लोकांचे शस्त्र परवाने रद्द करून हत्यारं सरकारी शस्त्रागारात जमा करायची. बेकायदा हत्यारं जप्त करायची. आणि गरज वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना परवाने द्यायचे. समोरच्याकडे बंदूक आहे, आपल्याकडे काय, या प्रश्नाचं उत्तर १९९५ पासून छापलेलं आहे. आपण ते मागितलं किती वेळा?

"गरज वाटल्यास" हे शब्द प्रशासनाची पळवाट आहेत, हे खरं. म्हणून तर गरज लेखी दाखवून द्यावी लागते. खैरलांजी आठवा. २९ सप्टेंबर २००६ ला भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना जमावाने मारलं. आधीच्या मारहाणीच्या प्रकरणात सुरेखाताई साक्षीदार होत्या. धोका समोर दिसत होता, नियम ३ लागू होऊन अकरा वर्षं झाली होती, तरी कोणी हललं नाही. अख्खा जमाव घरावर चालून आल्यावर एका पिस्तुलाने काय झालं असतं? जमाव जमण्याआधी प्रशासनाने हलणं गरजेचं होतं.

आपल्या जंगलातल्या आदिवासी बांधवांचंही तेच. रानडुकरांपासून पीक वाचवायला घरात भरमार बंदूक ठेवली की तो गुन्हेगार. पण कलम १३ मध्ये खऱ्या पीकसंरक्षणासाठी भरमार बंदुकीच्या परवान्याची सोय आहे. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, असं कलम १४ सांगतं. गरिबाला हे सांगतं कोण?

म्हणून त्या तरुणाला मी तीन कामं दिली. पहिलं, धमकीची तारीखवार नोंद करून लेखी तक्रार द्यायची आणि पोच घ्यायची. दुसरं, नियम ३ चा स्पष्ट उल्लेख करून जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन द्यायचं. जिल्हा दक्षता समितीचे अध्यक्ष तेच आणि आपल्या जिल्ह्यात शस्त्र परवान्याचे अधिकारीही तेच, त्यामुळे ही माझी फाईल नाही असं ते म्हणू शकत नाहीत. तिसरं, माहितीच्या अधिकारात विचारायचं की जिल्ह्यात परवाने किती, त्यात अनुसूचित जाती-जमातींचे किती, आणि नियम ३ खाली आजवर किती रद्द केले.

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी याच चंद्रपुरात आपल्या माणसांना धम्मदीक्षा दिली. पंचशीलातलं पहिलं शील प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचं आहे. त्याचा अर्थ भेकडपणा होत नाही. पिस्तुलाची गोळी एका माणसापर्यंत पोहोचते आणि नंतर आपल्यालाच आरोपी करते. नियम ३ चा अर्ज समोरच्याच्या कपाटातली बंदूक बाहेर काढू शकतो. तो अर्ज आपल्या किती गावांतून गेला आहे, ते येत्या बैठकीत एकमेकांना विचारू या.

जय भीम! जय संविधान!