हस्तनिर्मित चर्मवस्तूंची साधनसामग्री

पैशाचे पाकीट, कमरेचा पट्टा, चष्म्याचे घर, किल्ल्या अडकवण्याची पट्टी, वहीचे वेष्टन, खांद्याला लावायची छोटी पिशवी यांसारख्या वस्तूंना चर्मोद्योगात लहान चर्मवस्तू असे म्हटले जाते. त्या एकट्या कारागिराला किंवा दोन-चार जणांच्या कार्यशाळेला घडवता येतात. त्यासाठी कमावलेले चामडे, दोरा, चिकटद्रव्य, धातूचे जोडसामान, हातहत्यारे आणि बहुतेक वेळा एखादे शिलाई यंत्र लागते. ही सामग्री एकमेकींवर अवलंबून असते. चामड्याच्या जाडीवरून दोरा ठरतो, दोऱ्यावरून सुई आणि सुईवरून यंत्र. यंत्र आधी विकत घेऊन त्याला मानवेल असे चामडे शोधणाऱ्याला हा क्रम उलटा पडतो व खर्च वाढतो.

चामडे

जनावराच्या अंगावरून काढलेले ते कातडे आणि ते न कुजेल असे कमावल्यावर होते ते चामडे, हा भेद मराठीत जुना आहे. कमावण्याच्या क्रियेत कातड्यातील कोलॅजेन या प्रथिनाचे तंतू टॅनिनांशी किंवा धातूच्या क्षारांशी बांधले जातात. त्यामुळे पाणी लागले तरी ते सडत नाही आणि वाळल्यावर लाकडासारखे कडक होत नाही.

वनस्पतिजन्य पद्धतीत बाभळीची साल, तरवडाची साल, हिरड्याची फळे यांतील टॅनिन वापरतात. या कामाला आठवडे, जाड कातड्याला महिनेही लागतात. असे चामडे तपकिरी, भरीव आणि काहीसे ताठ असते. ओले करून त्यावर ठसा उमटवला, तर वाळल्यावर तो तसाच राहतो. त्याची कडा घासून गुळगुळीत करता येते. पट्टे, कोरीव नक्षीच्या वस्तू आणि कोल्हापुरी चपला यांसाठी हेच चामडे लागते.

क्रोम पद्धतीत क्रोमियमचे क्षार वापरतात. ऑगस्टस शुल्ट्झ यांनी १८८४ मध्ये अमेरिकेत या पद्धतीचे एकस्व घेतले. भारतात विसाव्या शतकाच्या आरंभी मद्रासमध्ये आल्फ्रेड चॅटर्टन यांनी तिचा पाठपुरावा केला. जे काम सालींनी आठवडे घेते ते क्रोमने एक-दोन दिवसांत होते. निघणारे चामडे मऊ, लवचीक आणि उष्णता अधिक सोसणारे असते. मात्र त्यावर ठसा टिकत नाही आणि घासून कडा चमकत नाही, म्हणून ती दुमडून शिवावी लागते किंवा तिला कडेचा रंग लावावा लागतो. बाजारातील मऊ पाकिटे व पिशव्या बहुतांशी क्रोम चामड्याच्या असतात.

दोन्हींतील फरक ओळखायचा असेल तर तुकडा कापून कड पाहावी. सालीने कमावलेले चामडे आरपार तपकिरी दिसते. क्रोमचे वरून कोणत्याही रंगात रंगवलेले असले, तरी मध्ये बहुधा निळसर-करडी रेघ राहते. जाळल्यावर क्रोम चामड्याची राख हिरवट होते.

चामड्याच्या वरच्या, केसांच्या बाजूच्या थराला दाणेदार थर म्हणतात. तो मूळ स्वरूपात राखलेले चामडे सर्वांत टिकाऊ. डाग व ओरखडे झाकण्यासाठी तो घासून वर कृत्रिम दाणा उमटवला की चामडे एकसारखे दिसते, पण त्याचे आयुष्य कमी होते. खालच्या थराचे चामडे त्याहून कमकुवत असते, आणि चामड्याचा भुसा चिकटवून केलेल्या पत्र्याला चामडे म्हणणे हे सौजन्यच होय. ‘अस्सल चामडे’ या शिक्क्यावरून यांपैकी नेमका कोणता थर वापरला आहे ते कळत नाही.

एकाच कातड्याचे सर्व भाग सारखे नसतात. पाठीचा भाग घट्ट व कमी ताणणारा असतो, पोटाचा सैल. पट्टा पाठीतून, कण्याला समांतर कापला तर वर्षानुवर्षे लांबत नाही. पोटाच्या बाजूने काढलेला पट्टा काही महिन्यांत एक-दोन छिद्रे पुढे सरकतो. म्हणून स्वस्त मिळालेल्या पोटाच्या चामड्याचे अस्तर करावे, पट्टा करू नये.

भारतात चामडे चौरस फुटावर विकले जाते, तळव्याचे जाड चामडे मात्र वजनावर. जाडी मिलिमीटरमध्ये मोजतात. परदेशी पुस्तकांत ती औंसात दिलेली असते. एक औंस म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग, सुमारे ०.४ मिमी. पाकिटाला साधारण ०.८ ते १.२ मिमी, पिशवीला दीड ते अडीच मिमी आणि एकेरी पट्ट्याला ३ ते ४ मिमी चामडे चालते. नवशिक्याचे पाकीट जाडजूड होते त्याचे कारण हिशेबात सापडते. १.२ मिमीचे पाच थर एका कडेला आले की तिथली जाडी ६ मिमी होते. म्हणून जोडाच्या जागी चामडे आतल्या बाजूने तासून पातळ करावे लागते. हे काम पारंपरिक कारागीर रापीने करतो. मोठ्या कार्यशाळेत त्यासाठी घंटेच्या आकाराचे फिरते पाते असलेले तासणी यंत्र असते. चांगल्या आणि सामान्य पाकिटातला फरक बऱ्याचदा शिलाईत नसून या तासणीत असतो.

दोरा, मेण आणि चिकटद्रव्य

हातशिलाईला जवसाच्या तंतूंचा लिनन दोरा मेण लावून वापरण्याची पद्धत जुनी आहे. आता पॉलिएस्टरचा मेणदोराही सर्रास मिळतो. यंत्रासाठी नायलॉन किंवा पॉलिएस्टरचे, पीळ सुटू नये म्हणून राळेसारख्या द्रव्याने बांधलेले दोरे असतात. नायलॉन बळकट व किंचित ताणणारा आहे, परंतु उन्हाने त्याची ताकद घटते. उघड्यावर वापरायच्या वस्तूला पॉलिएस्टर बरा. दोऱ्याची जाडी टेक्स या मापात सांगतात. १,००० मीटर दोऱ्याचे ग्रॅममधील वजन म्हणजे त्याचा टेक्स अंक. पाकिटाला टेक्स ७०, पिशवीला ९० आणि पट्ट्याला १३५ हे नेहमीचे प्रमाण आहे.

शिवण्यापूर्वी थर चिकटवून घेतात. त्यासाठी रबर सोल्युशन किंवा निओप्रीनचे चिकटद्रव्य दोन्ही पृष्ठांना लावून, थोडे वाळू देऊन मग दाबतात. यांतील अनेक द्रव्यांत टोल्युइन असते. त्याच्या वाफेने डोके दुखते, घेरी येते आणि दीर्घकाळ श्वासातून गेल्यास मज्जासंस्थेवर परिणाम होतो. खिडकी नसलेल्या माळ्यावर दिवसभर चालणाऱ्या कामात सुई किंवा रापीपेक्षा हा डबा अधिक घातक असतो. पाण्यात विरघळणारी चिकटद्रव्ये उपलब्ध आहेत, पण ती वाळायला वेळ घेतात. नगावर मजुरी मिळणाऱ्या कारागिराला तो वेळ परवडत नाही.

धातूचे जोडसामान

बक्कल, डी-कडी, रिव्हेट, प्रेस बटण, आयलेट, चुंबकी बटण, झिप हे जोडसामान पितळ, पोलाद किंवा जस्ताच्या मिश्रधातूचे असते. ओतीव जस्तावर सोनेरी वा चंदेरी मुलामा दिलेले सामान स्वस्त पडते. मात्र मुलामा झिजला की ते काळे पडते आणि ताण आल्यास वाकण्याऐवजी तुटते. भरीव पितळ जड व महाग असले, तरी घासले की पुन्हा उजळते. उत्तर प्रदेशातील अलीगढ कुलपांबरोबर पितळी बक्कल-कड्यांसाठीही ओळखले जाते.

उघडे लोखंड आणि सालीने कमावलेले चामडे यांचे जमत नाही. ओलाव्यात लोखंड व टॅनिन यांची अभिक्रिया होऊन निळा-काळा डाग पडतो व तो निघत नाही. हिरडा आणि लोखंड यांपासून पूर्वी शाई करीत, त्याच रसायनाचा हा डाग. काही कारागीर मात्र याच गुणाचा उपयोग करतात: सिरक्यात लोखंडाचा कीस मुरवून ते पाणी चामड्याला लावले की रंगाशिवाय पक्का काळा येतो. पितळ व तांब्यावर चामड्यातील तेलामुळे हिरवा मेणचट थर चढतो. तो पुसून काढता येतो.

प्रेस बटणाचा व्यास ‘लाइन’ या मापात देतात. ४० लाइन म्हणजे एक इंच, म्हणून २४ लाइनचे बटण सुमारे १५ मिमीचे होते. बटण व रिव्हेट यांच्या दांड्याची लांबी चामड्याच्या एकूण जाडीला जुळवून घ्यावी लागते. दांडा आखूड असल्यास जोड सुटतो, लांब असल्यास ठोकताना वाकडा बसतो. बटण पुन्हा पुन्हा उखडत असेल, तर दोष बहुधा बटणाचा नसून या लांबीचा असतो.

हातशिलाई

चामड्याला सुईने पडलेले छिद्र बुजत नाही. कापडावरची चुकलेली टीप उसवून पुन्हा मारता येते, चामड्यावर जुन्या छिद्रांची रांग कायम राहते. त्यामुळे छिद्रांची आखणी आधी करतात. चर्मकाराच्या आरीच्या टोकाला खाच असते. आरी वरून आरपार घालायची, खालचा दोरा खाचेत अडकवून त्याचा फास वर ओढायचा आणि दुसरे टोक त्या फासातून न्यायचे, अशी ही शिलाई होते. रस्त्याच्या कडेला बसलेला कारागीर ती डोळे न लावताही करू शकतो.

खोगीर शिवणाऱ्यांचा टाका निराळा आहे. त्यात एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया असतात आणि प्रत्येक छिद्रातून दोन्ही सुया विरुद्ध दिशांनी जातात. एका जागी दोरा तुटला, तरी त्याच छिद्रातील दुसरा पदर शिवण धरून ठेवतो. यंत्राच्या टाक्यात तशी सोय नसते. या टाक्याला शिवणीच्या लांबीच्या तिप्पट-चौपट दोरा लागतो आणि वेळ तर कितीतरी अधिक.

शिलाई यंत्रे

एलियास होवे यांनी १८४६ मध्ये वरचा आणि खालचा असे दोन दोरे एकमेकांत अडकवणाऱ्या यंत्राचे एकस्व घेतले, आणि आयझॅक सिंगर यांचे यंत्र १८५१ मध्ये आले. आजची चर्मशिलाई यंत्रेही त्याच तत्त्वावर चालतात. फरक असतो तो चामडे पुढे सरकवण्याच्या पद्धतीत.

घरगुती यंत्रात फक्त खालचे दाते कापड पुढे ढकलतात. चामडे जाड व चिकट असल्याने ते वरच्या दाबपट्टीला धरून राहते, थर मागेपुढे सरकतात, टाके लहानमोठे होतात आणि दात्यांच्या खुणा खालच्या बाजूला उमटतात. पातळ शेळीचे चामडे चाकाची दाबपट्टी व चामड्याची सुई लावून घरच्या काळ्या यंत्रावर शिवता येते; तीन-चार मिलिमीटरचा पट्टा नाही. जाहिरातीत ‘औद्योगिक’ किंवा ‘भक्कम’ असे लिहिलेले असले, तरी सरकवण्याची पद्धत घरगुतीच असेल, तर मोटर कितीही मोठी असून उपयोग नाही.

चर्मकामाला योग्य यंत्रात दाते, सुई आणि वरची दाबपट्टी ही तिन्ही एकत्र चालतात. सुई चामड्यात असतानाच तिघे मिळून ते पुढे नेतात, म्हणून थर सरकत नाहीत. अशी यंत्रे तीन बैठकींची असतात. सपाट बैठकीवर पाकिटे व पट्टे शिवतात. आडव्या नळीसारख्या बाहूच्या यंत्रावर तयार पिशवीची गोल कड फिरवता येते. उभ्या खांबाचे यंत्र मुख्यतः पादत्राणांच्या वरच्या भागासाठी असते. लहान कार्यशाळेला एकच यंत्र घेणे शक्य असेल, तर बाहूचे यंत्र अधिक उपयोगी पडते, कारण त्यावर फळी बसवून सपाट कामही करता येते.

दुरुस्तीच्या दुकानांत दिसणारे पॅच यंत्र वेगळ्या घडणीचे आहे. त्याची दाबपट्टी चामडे वरून पकडून नेते आणि ती पूर्ण वर्तुळात फिरवता येत असल्याने कोणत्याही दिशेला शिवता येते. स्कॉटलंडमधील क्लाइडबँक येथील सिंगरच्या कारखान्यात (१८८५–१९८०) बनलेली २९के जातीची यंत्रे अद्याप वापरात आहेत. त्यांची बॉबिन लहान असते आणि जाड दोरा त्यांना मानवत नाही. ती दुरुस्तीसाठी उत्तम, पण रोज पन्नास पट्टे शिवण्यासाठी घेतलेली नव्हेत.

सुईचा अंक म्हणजे तिच्या व्यासाचे मिलिमीटरमधील शंभरपट माप. ११० अंकाची सुई १.१ मिमी जाड असते. टेक्स ७० दोऱ्याला ११०, टेक्स ९० ला १२५ आणि टेक्स १३५ ला १४० ही सुई लागते. कापडाची सुई टोकदार गोल असते, चामड्याच्या सुईला धारदार टोक असते. धार टिपेच्या दिशेत असेल तर टाके सरळ दिसतात, तिरकी असेल तर तिरपे. दोरा तुटणे, टाका सुटणे, खालच्या बाजूला गुंता होणे या तक्रारींचे मूळ अनेकदा चुकीच्या सुईत असते, आणि बदलला मात्र दोऱ्याचा ताण जातो.

जुन्या क्लच मोटरवर सुरुवातीचा हळू वेग साधणे अवघड असते. सर्व्हो मोटरवर टाका-टाका चालवता येतो, विजेचा खर्चही कमी होतो. चामड्यावर चुकीला जागा नसल्याने हा बदल शिकणाऱ्यासाठी फार मोलाचा आहे.

प्रदूषण आणि आरोग्य

क्रोम पद्धतीचे सांडपाणी ही गंभीर समस्या आहे. तमिळनाडूत पालार नदीच्या खोऱ्यातील चर्मोद्योगाने केलेल्या प्रदूषणावर सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये वेल्लोर नागरिक कल्याण मंचाच्या याचिकेत महत्त्वाचा निकाल दिला. चामड्यातील त्रिसंयुजी क्रोमियम तुलनेने निरुपद्रवी असते, परंतु प्रक्रिया सदोष असल्यास त्याचे षट्संयुजी क्रोमियम होते. ते त्वचेला अपायकारक असल्याने युरोपीय संघाने २०१५ पासून त्वचेला लागणाऱ्या चर्मवस्तूंत किलोमागे ३ मिलिग्रॅमची मर्यादा घातली. सालीने कमावणे निर्मळच असते असे मात्र नाही. त्याच्या सांडपाण्यातही सेंद्रिय भार मोठा असतो.

महाराष्ट्रातील स्थिती

पारंपरिक व्यवस्थेत कातडी कमावणे ढोर समाजाकडे आणि वस्तू घडवणे चर्मकार समाजाकडे होते. समाजाने वापरले ते चामडे, दूर ठेवले ते हात. वर्ध्याजवळ नालवाडी येथे १९३०च्या दशकात गांधीप्रणीत ग्रामोद्योगाचा भाग म्हणून मेलेल्या जनावरांची कातडी कमावणारे चर्मालय चालवले गेले. राज्य शासनाने १९७४ मध्ये स्थापलेले संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ ‘लिडकॉम’ या नावाने परिचित आहे.

मुंबईत धारावी येथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून कातडी कमावली जात होती. ते कारखाने पुढे शहराबाहेर गेले. कापणे, शिवणे आणि विक्री तिथेच राहिली. चामडे आता मुख्यतः तमिळनाडू, कानपूर व कोलकात्याहून येते. सुटे सामान, दोरा, सुया व जुनी यंत्रे तेथील गल्ल्यांत किरकोळीनेही मिळत असल्याने नव्या कारागिराला परराज्यात जावे लागत नाही.

कोल्हापुरी चपलेत खिळा किंवा यंत्राचा टाका नसतो. चामड्याचीच बारीक वादी दोऱ्याच्या जागी वापरून ती शिवतात. तिला २०१९ मध्ये महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बागलकोट, बेळगाव, धारवाड, विजापूर या जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळाले. २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानमधील प्रदर्शनात तशाच चपला मूळ कारागिरांचा उल्लेख न करता मांडल्यावर टीका झाली व नंतर कंपनीने या परंपरेचे ऋण मान्य केले.

महाराष्ट्र प्राणिरक्षण (सुधारणा) कायद्याला मार्च २०१५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाल्यानंतर गायींपाठोपाठ बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हशी या बंदीत येत नाहीत. तेव्हापासून जाड देशी चामड्यासाठी कारागिरांची भिस्त म्हशीच्या आणि परराज्यांतून आणलेल्या चामड्यावर अधिक आहे. म्हशीच्या चामड्याचा दाणा भरड असतो. तळव्याला ते उत्तम चालते, परंतु नाजूक वेणी आणि कानाच्या कामासाठी कारागीर अजूनही शेळीच्या चामड्याकडे वळतात.