चित्र आणि ध्वनी यांच्या सांध्याची कुळकथा

ब्राउझरच्या माथ्यावर लहानशा चिन्हाच्या रूपाने बसणारे आणि निरनिराळे उतरवून घेतलेले चित्र व ध्वनी एका फाइलीत जोडून देणारे जे ॲड-ऑन आज अनेकांच्या हाताशी असते, त्याचे कूळ धुंडाळू लागले म्हणजे संगणकाच्याही फार मागे, अमेरिकेतील एडिसनच्या प्रयोगशाळेपर्यंत जावे लागते. तेथे १८९४ च्या अखेरीस किंवा १८९५ च्या आरंभी विल्यम डिक्सन याने एका प्रचंड कर्ण्यासमोर उभे राहून व्हायोलिन वाजविले, त्या सुरांवर दोन पुरुष नाचले, आणि चित्र फितीवर व सूर मेणाच्या नळकांड्यावर असे एकाच वेळी नोंदले गेले. परंतु पुढे या दोन्ही वस्तू निरनिराळ्या संग्रहांत जाऊन पडल्या, नळकांडे भंगले, आणि त्याची दुरुस्ती होऊन वॉल्टर मर्च या विख्यात संकलकाने संगणकाच्या साह्याने उभयतांचा मेळ घालीपर्यंत २००० साल उजाडले. चित्रही शाबूत होते आणि सूरही; नव्हती ती कोणता सूर कोणत्या क्षणाचा हे सांगणारी, दोहोंना समाईक अशी कालगणना. माझ्या मते या साऱ्या विद्येचे मर्म एवढ्या एका उणिवेत साठविलेले आहे.

१९२६ साली व्हायटाफोन पद्धतीने बोलपट दाखविले जाऊ लागले, तेव्हाही ध्वनी वेगळ्या तबकडीवरच असे. फीत तुटून तिच्यातील काही चित्रे गळाली, तर तितकीच काळी चित्रे मध्ये चिकटवून फितीची लांबी कायम राखावी लागे, कारण तसे न केल्यास पात्राचे ओठ आणि त्याचे शब्द यांची जी फारकत होई ती रीळ संपेपर्यंत मिटत नसे. ध्वनी फितीच्याच कडेवर उमटविण्याची युक्ती रूढ झाली तेव्हा हा प्रश्न सुटला, आणि १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात 'आलम आरा' झळकला तो याच युक्तीच्या बळावर.

संगणकाच्या जगात हीच समाईक कालगणना एमपेग मंडळाने घालून दिली. लिओनार्दो क्यारिल्योने आणि हिरोशी यासुदा यांच्या पुढाकाराने १९८८ साली स्थापन झालेल्या या मंडळाने १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पहिल्या मानकाचा पहिलाच भाग चित्राविषयी नाही व ध्वनीविषयीही नाही. तो या दोहोंच्या एकत्रीकरणाविषयी आहे. चित्राच्या आणि ध्वनीच्या तुकड्यांवर ते केव्हा सादर व्हावयाचे याची नोंद करावी, आणि ती नोंद सेकंदाच्या ९०,००० व्या अंशात असावी, अशी तजवीज त्यात आहे. या संख्येला २४, २५ आणि ३० या तिन्ही संख्यांनी निःशेष भाग जातो, म्हणून सिनेमाची, युरोपीय दूरचित्रवाणीची आणि तीस चित्रांची गती तिच्यात अपूर्णांकाविना बसते. ही योजना मला फार सुंदर वाटते.

पुढे २००० साली फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रॅमरने एफएफएमपेग हा प्रकल्प आरंभिला, आणि नानाविध रूपांतील चित्रध्वनी उलगडून पुन्हा बांधण्याचे सामर्थ्य कोणासही विनामूल्य प्राप्त झाले. या साधनाचा सर्वांत मोलाचा गुण कोणता, असे कोणी विचारील तर मी रूपांतराचे नाव न घेता जोडणीचेच नाव घेईन. त्याला दिलेल्या हुकुमात 'कॉपी' हा शब्द असला म्हणजे पेशवे दफ्तरातील कागद एका रुमालातून सोडून दुसऱ्या रुमालात बांधावेत, पण एकाही कागदाची नक्कल करू नये, तसे ते मूळ अंशांना धक्का न लावता केवळ वेष्टन बदलते. रूपांतरात मात्र चित्र उलगडून पुन्हा दाबले जाते, आणि सर्वसाधारण पद्धतीत दर खेपेस त्यातील काही सूक्ष्म तपशील कायमचा नष्ट होतो. म्हणून, ज्याचे काम जोडणीने भागते त्याने रूपांतराची कळ दाबूच नये, असे मी आग्रहपूर्वक सांगतो. ध्वनी नव्या वेष्टनात चालत नसेल, तर रूपांतर ध्वनीपुरतेच करावे.

एकदा जुळलेले चित्र आणि ध्वनी जालावर पुनश्च विभक्त का झाले, याचे कारण साध्या हिशेबात आहे. एकाच चित्रपटाच्या चित्राच्या सहा प्रती आणि ध्वनीच्या तीन भाषा ठेवावयाच्या, तर जोडून ठेवल्यास अठरा फाइली लागतात, वेगळ्या ठेवल्यास नऊ. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या डॅश या चित्रध्वनी जालावरून पाठविण्याच्या मानकाने ही विभक्त मांडणी अधिकृत केली, आणि प्रेक्षकाच्या ब्राउझरने ऐनवेळी दोहोंचा मेळ घालावा असा शिरस्ता पडला. मग जो आपल्या हक्काची ध्वनिचित्रफीत जपून ठेवू पाहील, त्याच्या हाती एक मुके चित्र आणि एक निराकार ध्वनी एवढेच येऊ लागले. जोडणीच्या ॲड-ऑनाची गरज येथे उत्पन्न झाली.

परंतु ब्राउझर आपल्या ॲड-ऑनांना संगणकावरील दुसरा प्रोग्रॅम मनमानेल तसा चालविण्याची मुखत्यारी देत नाही, आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने ते रास्तच आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये फायरफॉक्सच्या ५७ व्या आवृत्तीने जुन्या पद्धतीची ॲड-ऑने बंद केली, तेव्हा हे कुंपण अधिकच पक्के झाले. व्हिडिओ डाउनलोडहेल्परसारख्या ॲड-ऑनाने त्यावर असा मार्ग काढला की, वापरणाऱ्याने एक साथीदार प्रोग्रॅम स्वतःच्या संमतीने बसवावा, ॲड-ऑनाने त्याच्याकडे ठरलेल्या वाटेने केवळ निरोप धाडावा, आणि जोडणीचे प्रत्यक्ष काम त्या साथीदाराच्या पोटातील एफएफएमपेगने करावे.

त्याच २०१७ साली प्रमुख ब्राउझरांत, इतर भाषांत लिहिलेले प्रोग्रॅम ब्राउझरातच चालवू देणाऱ्या वेबअसेंब्लीचा प्रवेश झाला, तिला ५ डिसेंबर २०१९ रोजी जाल-मानकाचा दर्जा मिळाला, आणि एफएफएमपेग खुद्द ब्राउझरच्या आतच चालविणे शक्य झाले. तथापि तिच्या मूळ रचनेत स्मृतीची मर्यादा ४ गिगाबाइटांची असल्यामुळे, आणि ब्राउझरात हे काम संथ चालत असल्यामुळे, लहान फितींची जोडणी आत आणि मोठ्या चित्रपटांची बाहेरच्या साथीदाराकडे, अशी वाटणी करणे आजही सोयीचे ठरते.