किल्लीची नक्षी

कामणच्या एखाद्या औद्योगिक गाळ्यातून कुणी दूरच्या सर्व्हरशी पहिल्यांदा जोडणी केली, की पडद्यावर अक्षरा-आकड्यांची लांबलचक ओळ उमटते. तो त्या सर्व्हरच्या किल्लीचा ठसा. खऱ्या ठशाशी अक्षर न अक्षर जुळवून पाहायचा आणि मगच पुढे जायचे, असा नियम. पाहतो कोण? बहुतेक जण ‘येस’ टाइप करून मोकळे होतात.

ही आळशी सवय गृहीत धरूनच संगणक-सुरक्षेचे संशोधक एड्रियन पेरिग आणि डॉन साँग यांनी १९९९ मध्ये शोधनिबंध लिहिला: आकड्यांत डोळा चुकतो, चित्रातला फरक त्याला चटकन दिसतो, तेव्हा ठशाचेच चित्र करा. त्यांची चित्रे रंगीत होती. साध्या काळ्या टर्मिनलवर ती कशी उमटणार? उत्तर २००८ मध्ये, अशी जोडणी करणाऱ्या ओपनएसएसएच या प्रोग्रॅमच्या ५.१ आवृत्तीत आले, अलेक्झांडर फॉन गेर्नलर यांच्याकडून.

त्यांची रीत अशी: १७ बाय ९ घरांचा पट, मधोमध बुद्धिबळातला उंट. ठशातले दोन-दोन बिट उचलायचे; प्रत्येक जोडी चारपैकी एक तिरकी दिशा सांगते. भिंत आडवी आली तर उंट तिला घासत सरकतो. १२८ बिटांच्या ठशाला अशा ६४ चाली. घरात एकदा पाऊल पडले तर टिंब, पुन्हा पडले तर ‘ओ’, मग अधिकचे चिन्ह, अशी नक्षी दाट होत जाते. या भटकंतीमुळे २००९ च्या एका अभ्यासात, ज्याच्या लेखकांत खुद्द गेर्नलरही होते, उंटाला ‘झिंगलेला’ म्हटले गेले. नाव अगदी चपखल आहे.

आपल्याकडे अस्सलपणा ओळखायचे हे काम शिक्का करी. शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या माथ्यावर अष्टकोनी मुद्रा, शेवटी मोर्तब. मोर्तबाखाली कुणी ओळ घुसडली तर ती उघडी पडे. पण शिक्का कारागिराने कोरलेला, म्हणजे दुसऱ्या कारागिराला तसाच कोरता येणारा. उंटाची नक्षी किल्लीतूनच निघते, म्हणून किल्ली बदलली की बहुधा तीही बदलते. बहुधा म्हणायचे कारण, पटावर पावलांची मोजणी उरते, क्रम पुसला जातो. त्यामुळे वेगळ्या ठशांचेही चित्र एकसारखे निघू शकते.

व्हॉट्सअ‍ॅपने केवळ डोळ्यावर भिस्त ठेवली नाही. तिथे किल्ल्या पडताळायला ६० आकडे आहेत आणि शेजारी क्यूआर कोड. कोड वापरला तर जुळवणी कॅमेरा करतो. मला हेच शहाणपणाचे वाटते.

ओपनएसएसएचने जोडणी करताना ही नक्षी आजही आपोआप दिसत नाही. ‘व्हिज्युअलहोस्टकी’ हा पर्याय चालू करा, आणि पहिल्या जोडणीआधी खरा ठसा सर्व्हर सांभाळणाऱ्याकडून मागून घ्या.